घरटी एक मत

तुळशीराम पहिल्यांदा अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. सोळा वर्षांत केस गेले, अध्यक्षपद तेवढं राहिलं. आगरदांड्याच्या रस्त्याला कोळंबी सोलून, गोठवून, खोक्यांत भरून परदेशी धाडणारा एक कारखाना आहे. तिथल्या कामगारांच्या संघटनेचा हा अध्यक्ष. तेवढ्या काळात कारखान्याने पाच मॅनेजर बदलले, पण कामगारांना एक अध्यक्ष काही बदलता आला नाही. कोणी पाहुण्याने कारण विचारलंच, तर तुळशीराम छातीवर हात ठेवून म्हणायचा, "लोकांचं प्रेम, दुसरं काय." आजूबाजूचे लोक माना डोलवायचे.

राहीची मान डोलत नसे. चौदा वर्षं ती सोलायच्या खात्यात उभी होती. पायात गमबूट, हातात बर्फाच्या पाण्यातली कोळंबी, आणि बोटांची कातडी अशी झालेली की रेशनच्या दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नसे. संघटनेची पावती ती दर महिन्याला फाडायची. मोर्चा निघाला की तिला पुढच्या रांगेत उभं करायचे, कारण बायका पुढे असल्या की पोलीस जरा सबुरीने घेतात. बाकी संघटनेत तिला मत नव्हतं. तिलाच काय, सोलणाऱ्या ऐंशी-पंच्याऐंशी बायकांत चार विधवा सोडल्या तर एकीलाही नव्हतं.

आता सभासदाला मत नाही, हे कसं? तर संघटना स्थापन झाली ती चार वाड्यांच्या देवळात. गावकीचे सगळे निर्णय तिथेच व्हायचे. पालखी कुठल्या वाटेने न्यायची, होळीचं झाड कोणाच्या बांधावरचं तोडायचं, देवळाची कौलं कधी परतायची. आणि गावकीचा कायदा एकच: घरटी एक मत. घरातला कर्ता पुरुष बोलेल ते घराचं बोलणं. संघटनेची पहिली सभा त्याच देवळात, त्याच चटयांवर, त्याच माणसांची झाली, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा सवयीने घरटी एकेक हात वर झाला. असं करायचं म्हणून कोणी ठरवलंही नाही. अलिबागला नोंदवलेल्या संघटनेच्या घटनेत प्रत्येक सभासदाला एक मत असं छापलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती घटना दुसऱ्याच कुठल्या संघटनेची उतरवून घेतलेली, आणि देवळात छापील कागदाला कोण विचारतो?

राहीच्या शेजारी टेबलाला मैना उभी असायची. मैनाचा नवरा टेम्पो चालवायचा. कारखान्याच्या फाटकाच्या आत त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, कोळंबीच्या वासाने त्याला मळमळायचं. सभासद मैना, पण सभेला घराचा कर्ता म्हणून तो यायचा आणि कामगारांच्या प्रश्नांवर हात वर करून जायचा. एकदा तर बोनसवर भाषण करून गेला, आणि टाळ्या घेतल्या. मैना तेव्हा देवळामागे सभेच्या चहाचं आधण ठेवत होती.

राहीचा स्वतःचा नवरा कोंडाजी बर्फखान्यात होता. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला जी मेहनत लागते ती त्याच्याच्याने झाली नसती. तुळशीराम बोलायचा थांबला आणि आजूबाजूचे हात वर जाताना दिसले की याचाही जायचा. घरी आल्यावर राही विचारायची, "काय ठरलं?" तर म्हणायचा, "ठरलं काय तरी." मग जेवायला बसायचा.

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, आणि तुळशीरामने करार आणला. बर्फखाना, गोदाम, गाडीभरणी इथले पुरुष कायम होणार. सोलायचं खातं ठेकेदाराकडे जाणार. नवं वर्ष लागायच्या आत सही हवी, असं कंपनीचं म्हणणं. तुळशीराम जेवणाच्या सुट्टीत येऊन बायकांना समजावून गेला. "तुमच्या कामाला धक्का न्हाय. टेबल त्येच, कोळंबी तीच, हात तुमचेच. फकस्त नाव ठेकेदाराकडं."

फक्त नाव ठेकेदाराकडे म्हणजे काय, हे राहीला समजावून सांगायची गरज नव्हती. माल आला तर काम, नाही आला तर घरी बसा. फंड बंद, आणि चौदा वर्षांची नोकरी पुसून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. तिची मुलगी प्राप्ती अलिबागला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि ते शिक्षण राहीच्या पगारावर चाललं होतं. कोंडाजीचा पगार घर, सासूची औषधं आणि भावकीतली लग्नं यांतच विरायचा. सोलणं ठेक्यावर गेलं की पोरीचं शेवटचं वर्ष गेलं. आणि हा ठेकेदार कोण, ते तुळशीराम सांगत नव्हता. पण त्याचा थोरला चिराग गेल्याच आठवड्यात आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर 'कामगार पुरवठा' अशी लाल अक्षरं चिकटवून आला होता. करार मंजूर होईपर्यंत थांबायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

"तुमी काय करनार?" राहीने कोंडाजीला विचारलं.

"समदे करतील त्ये."

"समदे म्हंजे कोन?"

कोंडाजीने जरा विचार केला. "तुळशीरामभाऊ म्हनत व्हते, घरातला एक कायम झाला म्हंजे घर कायम झालं."

"आनि मी?"

"तू घरातच हायस की."

राही उठली आणि भांडी घासायला बसली. शेजारच्या दोन घरांना ती भांडी ऐकू गेली.

पुढच्या रविवारी प्राप्तीला भेटायला अलिबागला गेली तेव्हा ती एका वकिलाकडेही जाऊन आली. वकील सज्जन होता. म्हणाला, कायदा शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे, खुशाल कोर्टात जा. फक्त निकाल लागेल तोवर तुमची मुलगी नर्स होऊन रिटायर झालेली असेल. राहीने त्याला नमस्कार केला आणि एसटी पकडली. रेवदंड्याचा पूल येईपर्यंत ती वकिलावर चिडलेली होती, पुलावर तुळशीरामवर चिडली, आणि मुरूड जवळ यायला लागलं तेव्हा तिला तुळशीरामचे सिलिंडर आठवले.

त्या सिलिंडरांची गोष्ट अशी. घरटी मत म्हटल्यावर घर कशाला म्हणायचं, हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर गावकीत पूर्वापार ठरलेलं: ज्याची चूल वेगळी त्याचं घर वेगळं. एका छपराखाली तीन भावांनी तीन चुली मांडल्या तर ती तीन घरं. गेल्या निवडणुकीत तुळशीरामला मतं कमी पडणार अशी हवा होती. तेव्हा त्याने ओटीवर दोन नवे सिलिंडर आणून ठेवले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि चिराग आणि धाकटा निकेत हे दोघे वेगळे झाले असं देवळात जाहीर केलं. दोघंही नावापुरते वजनकाट्यावर कामाला होते. मतं दोन वाढली. त्या संध्याकाळी ती तिन्ही घरं तुळशीरामच्या बायकोने रांधलेलं एकाच पंगतीला जेवली. त्या सिलिंडरांचं सील अजून कोणी तोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोळंबीची डोकी मोडता मोडता राहीने हे टेबलावर मांडलं.

"म्हंजे नवऱ्याला सोडायचं व्हय?" मैना घाबरली.

"सोडायचं कशाला? नुसती चूल येगळी. परसात तीन दगड मांडायचे. आपलं आपन रांधायचं, आपन आनि पोरांनी खायचं."

"आनि त्ये?"

"घरात ग्यास हाय. त्यांना हात हायेत."

बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापल्या नवऱ्याचे हात आले असावेत. गावकीचा आणखी एक नियम होता, त्याची म्हाताऱ्या बायकांनी आठवण करून दिली: नवी चूल एका अमावास्येला आणि एका पौर्णिमेला पेटलेली दिसली पाहिजे, तरच तिला घर म्हणायचं. करारावरची सभा पौर्णिमेनंतरच्या रविवारी होती. अमावास्या परवावर आली होती.

अमावास्येच्या संध्याकाळी चारही वाड्यांच्या परसांतून धूर निघाला. पुरुषांना वाटलं, बायकांचं काही व्रत असेल. व्रत म्हटलं की पुरुष विचारत नाहीत, कारण विचारलं तर कदाचित आपल्यालाही धरावं लागेल. दुसऱ्या दिवशी व्रत सुटलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, तेव्हा कोंडाजीने घरातल्या गॅसकडे पाहिलं, आणि मग आपल्या आईकडे.

ठमी सत्तरीला टेकलेली. पहिल्या दिवशी तिने सुनेला चांगलं झाडलं होतं. आमच्या सात पिढ्यांत बाईने नवऱ्याला उपाशी ठेवून चूल मांडली नाही, वगैरे. पण परसातून सुकट भाजल्याचा वास आला तशी ती ताट घेऊन बाहेर गेली आणि परत आली नाही. आता लेक समोर उभा राहिल्यावर ती म्हणाली, "माज्याकडं बघू नको. तुला मी लगीन व्हईस्तवर रांधून घातलं. आता हितं माजी सून मला घालतेय. तू बी येगळा झालास, तर रांध की."

कोंडाजीने एकदा भात लावायचा प्रयत्न केला. पातेलं तीन दिवस भिजत घालावं लागलं. बाकीच्यांची गत निराळी नव्हती. साठेक बापे, संघटित कामगार, शिट्टीच्या कुकरपुढे हात टेकून बसले. ज्यांच्या आया अजून खमक्या होत्या ते दहा-बारा जण सुटले; उरलेले संध्याकाळी जेट्टीवरच्या वडापावच्या गाडीवर दिसू लागले. गाडीवाल्याने आठवड्याभरात वड्याचा आकार लहान केला. कामगारांची पिळवणूक कशी होते यावर त्या गाडीभोवती जेवढी चर्चा झाली तेवढी सोळा वर्षांत देवळात झाली नव्हती.

बायकाही काही सगळ्या लोखंडाच्या नव्हत्या. मैना मागच्या दाराने टेम्पोवाल्याला भाकरी द्यायची, आणि राहीला कळलं तेव्हा म्हणाली, "अगं, कुत्र्याला घालतो तशी दिली." राहीने तिला सोडून दिलं. भाकरी परसातल्या चुलीवरची होती ना, मग चालेल.

पौर्णिमा झाली, रविवार आला. देवळात सगळे बापे चटयांवर बसले. बायका नेहमी मागे चहाकडे जायच्या. त्या दिवशी गेल्या नाहीत. मंडपाच्या कडेने पायऱ्यांपर्यंत दाटीवाटीने बसल्या. तुळशीरामने त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, नारळ वाढवला, करार वाचून दाखवला, आणि जिथे ठेकेदार हा शब्द आला तिथे खोकला काढला.

"तर मंडळी, नेहमीपरमानं," तो म्हणाला, "घरटी एक मत."

राही उभी राहिली. "आमची घरं येगळी झालीत, भाऊ. अमावाशा-पुनव दोनी झाल्या. चुली समद्यांनी बघितल्यात. चिरागच्या आनि निकेतच्या घराला मत मिळालं, तसं आमच्या घरांना मिळू दे."

मंडपात कुजबुज झाली. तुळशीराम मात्र हसला. सोळा वर्षं त्या खुर्चीवर तो नुसत्या टकलाच्या जोरावर बसलेला नव्हता.

"राही वहिनी, चुली मी बी बघितल्या. पन गावकीत भावाभावांच्या चुली येगळ्या व्हतात, बापलेकांच्या व्हतात. नवरा-बायकोच्या व्हत न्हाईत. काडीमोड झाल्याबिगर नवरा-बायकोचं घर एकच." मग तो बायकांकडे वळला. "कोनाची काडीमोड झालीय का? हात वर करा."

बापे मोठ्याने हसले. पंधरा दिवस वड्यांवर काढलेली माणसं, पण हसायला ताकद होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काडीमोड कोणालाच नको होती. मैनाने तर दोन्ही हात पदराखाली घेतले. राही उभीच होती. पुढच्या घडीला बाप्यांचे हात वर जाणार होते, कोंडाजीचाही, आणि प्राप्तीला फोन करून काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली होती.

तेवढ्यात पायरीवरून ठमी म्हणाली, "खरं हाय भाऊचं. नवरा-बायकोचं घर एकच."

राहीने सासूकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. ठमी उठली नाही.

"घर एकच," ती म्हणाली. "मंग त्या घराची चूल कंची? घरातली तर पंधरा दिस थंड हाय. माज्या घरात पातेलं भिजत पडलं व्हतं. चूल पेटतेय ती राहीची. ज्याची चूल पेटती, घराचं मत त्याचं. आनि ज्याची पेटत न्हाय..." तिने बोळक्या तोंडाने मंडपावर नजर फिरवली. "त्ये बंद घर. बंद घराला कवा मत व्हतं, भाऊ?"

ते कधीच नव्हतं, आणि हे तुळशीरामइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. मागे सहा कामगार मुरूडला खोल्या घेऊन राहायला गेले आणि तिथून त्याच्याविरुद्ध उभं राहायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा यानेच याच मंडपात त्यांना उठवलं होतं. वाडीत चूल पेटत नाही, घर बंद, मत बंद. त्या सहांतले चार जण वाडीत परतून आत्ता समोर बसले होते आणि त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. त्यातला एक म्हणाला, "चिराग-निकेतचे सिलिंडर बी बंदच हायेत की, भाऊ." मग मात्र हसण्याची पाळी पायऱ्यांची आली.

तुळशीरामने रुमाल काढून टक्कल पुसलं. आणि मग सोळा वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं: त्याला लोकशाही आठवली.

"मंडळी, आपली संघटना म्हंजे काय गावकी हाय का?" तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आपली घटना हाय. सरकारदरबारी नोंद हाय. घटनेत साफ लिवलंय, प्रत्येक सभासदाला एक मत. बाई असो, बाप्या असो. त्ये सोडून चुली कसल्या मोजताय? कुठल्या जमान्यात राहताय?"

पहिली मैना बोलली. "आता न्हाय. आता घरटीच." तिच्यामागून बायकांचा गलका झाला. घरटीच, घरटीच. मैनाचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता. घरटी म्हणजे बहुतेक सगळी मतं बायकांची. करार तिथेच मोडला असता, हात वर करायचाही त्रास नव्हता. राहीला फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि ते तिच्या ओठांवर आलंही होतं. तिला तुळशीरामला उताणा पडलेला बघायचा होता. सोळा वर्षांचं व्याज वसूल करायचं होतं.

मग तिची नजर कोंडाजीवर गेली. तो चटईच्या कडेला बसला होता, वड्याच्या तेलाने चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या, आणि तिच्याकडे बघत होता. ती आता काय ठरवते याची वाट बघत होता. त्याच्याबद्दलही तीच ठरवणार होती आणि त्याला कोणी विचारणार नव्हतं. ही नजर राहीला ओळखीची होती; चहाच्या आधणाशेजारी बसून तिने ती अनेक वर्षं वापरली होती. तिला ते बघवेना. नवऱ्याचा राग आला, स्वतःचाही आला.

"सभासद तितकी मतं," ती म्हणाली. "बायांनो, ओरडू नका. पन हात वर करायचे न्हाईत. गुप्त व्हऊ दे."

"गुप्त कशाला?" तुळशीराम लगेच म्हणाला. "आपन काय चोर हावोत? उघड उघड हात वर करू."

"गुप्तच." हे मागच्या चटईवरून आलं, बाप्यांतून. कोण बोललं ते दिसलं नाही. मग दुसरीकडून आलं, मग तिसरीकडून. तुळशीराम वळून वळून बघत राहिला, पण प्रत्येक वेळी त्याला नुसत्या खाली घातलेल्या माना दिसल्या.

चिठ्ठ्या केल्या तर अक्षर ओळखतील, म्हणून ठमीने दाणे सुचवले. करारावर राजी असेल त्याने चिंचोका, नसेल त्याने वालाचा दाणा. दोन्ही प्रत्येकाच्या मुठीत द्यायचे. देवळाचे ढोल ठेवायच्या खोलीत तोंडाला फडकं बांधलेल्या दोन हंड्या ठेवल्या. उजव्या हंडीत आपलं मत टाकायचं, उरलेला दाणा डावीत. सभासद एकेक करून आत गेले. मैनाचा टेम्पोवाला सवयीने रांगेत उभा राहिला होता, त्याला मैनानेच दंडाला धरून बाहेर काढलं. "तू चहा बघ," ती म्हणाली.

मोजायला राही आणि निकेत बसले. वाल अकरा जास्त भरले. करार मोडला. पुरुषांना कायम करायचं तर सोलायचं खातं धरून करा, असं कंपनीला कळवायचं ठरलं. तुळशीरामने सगळ्यांना नमस्कार केला, हा लोकशाहीचा विजय आहे असं म्हणाला, आणि चिरागच्या गाडीत बसून गेला. काचेवरची लाल अक्षरं वळणापर्यंत दिसत होती.

बायकांचा आनंद पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. खाली आल्यावर कोणीतरी हिशोब केला. वालाचे दाणे बायकांच्या संख्येपेक्षा कमी होते. म्हणजे चार-पाच जणींनी तरी चिंचोका टाकला होता. तेही एकही बाप्या इकडे आला नाही असं धरलं तर. आले असतील तर फितूर बायका आणखी. झालं. ही असेल, ती असेल, तिचा नवरा गोदामात आहे, ती सकाळपासून गप्प होती. मैना म्हणाली, उद्या टेबलावर एकेकीला देवाची शपथ घालू.

राही भडकली. "कोनी कोनाला इचारायचं न्हाय. इचारायचंच व्हतं तर हात वर केले नसते का? हंडीत टाकलं, संपलं. जी इचारील तिला माजं टेबल बंद." ती एवढ्या जोरात बोलली की बायका निमूट पांगल्या. आपण बोललो ते योग्य बोललो, या समाधानात ती घरी आली.

घरी येऊन तिने परसातली चूल पेटवली आणि कोंडाजीला हाक मारली. तो आला, ठमीच्या शेजारी पाटावर बसला. पंधरा दिवसांनी समोर ताट आलं होतं. तो मान खाली घालून जेवत होता. पहिल्या दोन भाकऱ्या कुठे गेल्या ते कळलंही नाही. राही तिसरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. त्या वालांत याचा एक दाणा होता का? वीस-बावीस वर्षं एका छपराखाली काढलेली. एवढंही कळू नये?

"तुमी काय टाकलंत?" तिने शेवटी विचारलं.

कोंडाजीचा घास थांबला. त्याने ताटाकडे बघितलं, मग आईकडे, मग चुलीकडे. इतकी वर्षं घराचं मत तो चारचौघांत हात वर करून सांगत आला होता, आणि ते घराचं आहे की त्याचं, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारणारं कोणी भेटलं होतं.

"गुप्त हाय ना?" तो म्हणाला.

"मी परकी हाय काय?"

"तूच सांगितलंस, कोनी इचारायचं न्हाय." आणि तो पुन्हा जेवू लागला. तोंडावर हसू नव्हतं, राग नव्हता. काहीच वाचता येत नव्हतं. त्या चेहऱ्यावर वाचता न येण्यासारखं काही असू शकतं, ही गोष्टच राहीला नवी होती.

राहीने स्वतःसाठी मागितलेलं सगळं त्यालाही मिळवून दिलं होतं आणि आता तिला ते अजिबात आवडत नव्हतं. शेजारी ठमी तोंडाला पदर लावून हसत होती. तव्यावरची भाकरी तोवर एका बाजूने करपली होती. टोपलीत चांगल्या दोन होत्या. राहीने करपलेलीच उचलून त्याच्या ताटात टाकली.